दळण होईपर्यंत

शैलाताई कामठे यांनी मला दोनदा हाकललं. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं, आणि दोन्ही वेळा ते कबूल करायला मला दोन-दोन महिने लागले. माझा स्वभावच तसा. आधी तणतणायचं, मग रडायचं, मग जेवायचं आणि सगळ्यात शेवटी विचार करायचा. शैलाताईंचं बरोबर उलट. त्यांचा विचार आधीच करून झालेला असायचा, फक्त तो त्या कुणाला सांगायच्या नाहीत.

धायरीत त्यांची पिठाची गिरणी होती. गावातला जुना रस्ता वर येऊन जिथे सोसायट्यांच्या रस्त्याला मिळतो, त्या कोपऱ्यावर. खालच्या अंगाला गावातली घरं, वरच्या अंगाला बारा-बारा मजल्यांचे टॉवर. गिरणीत दोन चक्क्या, एक गव्हाची आणि एक बाकी सगळ्याची. यजमान ऐन तारुण्यात गेल्यापासून गिरणी शैलाताईच चालवायच्या. सोबतीला धाकटे दीर, किसनभाऊ. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली तीन 'वहिनीला विचारा' अशी असायची.

मी मूळची अकोल्याची. नवऱ्याची नोकरी इथल्या एका कारखान्यात, म्हणून आम्ही पुण्यात आलो. सहा वर्षं मी कॉल सेंटरमध्ये होते. सहा वर्षं लोकांच्या शिव्या ऐकून त्यांना 'थँक यू' म्हणत होते. एके दिवशी एका माणसाला थँक यू न म्हणता जे मनात होतं ते म्हटलं, आणि घरी आले. माझे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. गॅदरिंगसाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायचे, मी त्यांच्या हाताखाली कागद फाडायला. तेवढी एक गोष्ट मला येत होती. नवऱ्याला सांगितलं, मी मुखवटे करते. तो भला माणूस, पण घराचे हप्ते भल्या माणसालाही चुकत नाहीत. तो म्हणाला, "वर्षभर बघ. जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा कानाला हेडफोन." मला त्या हेडफोनची स्वप्नं पडायची. घाम फुटून उठायचे.

तर, मुखवटे. कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात खळ घालायची आणि मेथीचं पीठ घालायचं. मेथी घातली की कीड लागत नाही, ही वडिलांची शिकवण. म्हणून फरसाणच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात दोन किलो मेथी भरून मी पहिल्यांदा त्या गिरणीत गेले. सकाळची गर्दी. डब्यांची रांग लागलेली. माझा नंबर आला, शैलाताईंनी झाकण उघडलं आणि नाक फुगवलं.

"ह्ये काय?"

"मेथी. बारीक दळून द्या."

"आन् तुज्या मागनं ज्याची ज्वारी पडंल त्याच्या भाकरी कडू झाल्या, तर त्या खायला तू जानार हायेस व्हय?"

"अहो, पण मी पैसे देऊन राहिले ना!"

"काय करून ऱ्हायलीस?" त्यांनी असं काही म्हटलं की अख्खी रांग हसली. अकोला सोडून मला दहा वर्षं झाली होती, पण राग आला की अकोला बाहेर यायचंच. "उचल. उचल डबा. म्होरल्याला येऊ दे."

मी डबा उचलून निघाले. मागून त्या ओरडल्या, "ओ फरसाण! एवढी मेथी कशाला? घरात बाळंतीन हाय का?"

मी वळले नाही. घरच्या मिक्सरवर मेथी दळली. दोन महिन्यांत मिक्सर जळला, नवीन मिक्सरचं नाव काढायची घरात सोय नव्हती, आणि मी शेपूट घालून पुन्हा गिरणीच्या दारात उभी राहिले. मुखवट्यांसाठी हवीय म्हणून सांगितलं. शैलाताईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग बुधवारी ये. सगळ्यात शेवटी. गुरुवारी लाइट नसती, गिरनी बंद. तवा आमी दगड उतरवून टाकी लावतो. म्हंजी बुधवारी शेवटाला काय बी दळ. ईख दळलंस तरी चालंल." टाकी लावणं म्हणजे छिन्नीने ठोकून दगडाला नव्याने खाचे पाडणं, हे मला मागाहून कळलं. किती चांगलं कळलं, ते पुढे सांगते.

त्या गिरणीत कोणतं धान्य कशानंतर पडायचं याचा एक कायदा होता आणि तो कुणासाठी वाकायचा नाही. सकाळी आधी उपवासाचं, वरई-राजगिरा. मग तांदूळ, मग ज्वारी-बाजरी. डाळी आणि भाजणी दुपारनंतर. टॉवरमधल्या एका साहेबांनी एकदा गाडीतून न उतरता, काच खाली करून सांगितलं की मला घाई आहे, माझी चणाडाळ आधी घ्या. शैलाताईंनी त्यांना अगदी आदराने विचारलं, "आपण जेवताना आधी ताक पिऊन मग श्रीखंड खाता का?" साहेब दुपारी आले.

त्यांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, डबे राहायचे. 'पितळी कडी', 'तेलाचा डबा', 'निळं झाकण' अशा नावांनी त्या आख्खी धायरी ओळखायच्या. एका कंपनीतल्या मोठ्या मॅनेजर बाई वर्षानुवर्षं 'चेपलेला' होत्या. त्यांनी नवीन डबा आणला तर शैलाताईंनी त्यांना ओळखलंच नाही. मी तर पहिल्या दिवसापासून फरसाण. माझं नाव वंदना आहे हे त्यांना कळायला वर्ष गेलं, आणि कळल्यावर त्या म्हणाल्या, "फरसाणच बरं हुतं."

आयुष्यभर चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. गावात एकाकडे दुःख झालं होतं. शैलाताई भेटायला गेल्या, त्या घरच्या बाईच्या कानाशी वाकल्या आणि त्यांच्या मते कुजबुजल्या, "म्हातारा सुटला गं बाई, लई हाल व्हते." अंगणात बसलेले झाडून सगळे पुरुष उठून उभे राहिले. बाहेर आल्यावर त्या मलाच म्हणाल्या, "कसली मानसं, कुनी बोलंना सुदिक."

आता बाकाचं सांगते, कारण माझं सगळं त्या बाकावर झालं. गिरणीत भिंतीला लागून एक लांबलचक लाकडी बाक होता. त्याच्या एका टोकाला हिराबाई बुरूड बसायच्या. सुपं, टोपल्या, परड्या विणायच्या. त्यांची बसायची जागा पूर्वी रस्त्याकडेला होती. रस्ता रुंद झाला, जागा गेली, तेव्हा शैलाताईंनी त्यांना आत घेतलं. दुसरं टोक रिकामं होतं. तिसऱ्या की चौथ्या बुधवारी माझी मेथी दळून झाल्यावर शैलाताईंनी तिकडे बोट केलं. "घरी बसून करतीस ते हितं बसून कर."

"इथे? अहो ताई, पीठ किती उडतं!"

"मग? तुज्या कागदाला काय दमा हाय?"

मी बसायला लागले. सकाळी नऊ ते एक. आणि पहिल्याच दिवशी नियम कळले. बाकावर करायचं, विकायचं नाही. पाटी लावायची नाही, किंमत लिहायची नाही, 'घ्या ना ताई' म्हणायचं नाही. कुणाला एखादी वस्तू आवडलीच, तरी त्या दिवशी द्यायची नाही. आज बघायचं, उद्या घ्यायचं. आज दळण घेऊन घरी जा, स्वयंपाक करा, झोपा, आणि उद्याही मनात राहिलं तर या.

असला नियम जगात कुठे ऐकलाय? माझं तर डोकंच फिरलं. आठव्या-नवव्या दिवशी टॉवरमधली एक बाई आली. मुलाचा वाढदिवस होता. वाघ, माकड, घुबड, बाकावर होते तेवढे पाचही मुखवटे तिला तिथल्या तिथे हवे होते. फोन हातात, पैसे पाठवायच्या बेतात. मी नंबर सांगायला तोंड उघडलं आणि तिकडून आवाज आला, "निळं झाकण! उद्या या!"

"अहो, पण पार्टी आजच आहे."

"मग आज फुगं लावा."

ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती मुखवट्यांसाठी कधीच आली नाही. माझा नुसता संताप झाला. घरात वर्षाचा हिशेब टांगलेला, महिने संपत चाललेले, आणि ही बाई आलेली लक्ष्मी परत पाठवते! मी सरळ भांडायला गेले. चक्की बंद व्हायची वाटही पाहिली नाही, ओरडूनच भांडले. शैलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. पीठ चिमटीत धरून चोळलं, बारीक झालंय का पाहिलं आणि म्हणाल्या, "तिला तुजं वाघ-माकड नको व्हतं. तिला कायतरी पायजे व्हतं. कायतरी इकायला दुकानं लई हायेत."

हे मला पटलं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तर मुळीच पटलं नाही. पण झालं असं, की जे दुसऱ्या दिवशी यायचे ते वेगळेच लोक असायचे. एक आजोबा आले, बिबवेवाडीहून मुलीकडे राहायला आलेले. चार दिवस रोज काही ना काही दळायला आणत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "माझ्या बायकोचा चेहरा करता येईल का? फोटो आहे." मी म्हटलं, मी माणसांचे करत नाही. ते म्हणाले, "मग मांजराचा करा, पण हसणं तिचं पाहिजे." तो मुखवटा मी एकवीस दिवस केला. सोसायटीच्या गणपतीत मुलांचं नाटक बसवणाऱ्या बाईही आठवडाभर नुसत्या बघत होत्या, मग त्यांनी अख्खं जंगल सांगितलं. आजही माझं काम ज्यांच्या जोरावर चालतं, ती माणसं सगळी 'उद्या' आलेली आहेत. वर्ष संपलं तेव्हा नवरा म्हणाला, "बरं, पुढच्या वर्षापर्यंत बघू." त्या रात्री हेडफोनचं स्वप्न पडलं नाही.

मी एकदा भीत भीत आभार मानले. म्हटलं, ताई, तुमचे फार उपकार आहेत. तर त्या उखडल्या. "उपकार कसलं? ह्यो टावर उठला तवा मला वाटलं आता धा गिऱ्हाइकं वाढतील. कसलं काय. समद्यांच्या घरी पिशवीतलं पीठ. जी येत्यात ती उभी ऱ्हाऊन फोन बगत्यात. फोनात काय, तर पिशवीतल्या पिठाची जाह्यरात! त्यापरीस तुज्याकडं बगत्यात. माजं गिऱ्हाईक टिकतंय, तुजं लागतंय. झालं." असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला नाही. त्या कुणालाच चहा पाजायच्या नाहीत. म्हणायच्या, चहा पाजला की माणूस कामाचं सोडून बोलत बसतो.

आता माझ्या लाजेची गोष्ट. सांगायला नको वाटतं, पण ती वगळली तर शैलाताई अर्ध्याच सांगितल्यासारखं होईल.

दुसऱ्या वर्षीची होळी. एका नाचाच्या क्लासने तीस मुखवटे सांगितले होते, एवढं मोठं काम मला तोवर आलं नव्हतं. लगदा कमी पडला. मेथीचं पीठ संपलं. वार सोमवार, होळी दोन दिवसांवर, बुधवारची वाट बघायला वेळ नाही. आणि मला दुर्बुद्धी सुचली. डब्यात मेथी भरली आणि वरून चार बोटं गहू पसरला. शैलाताई दुपारी जेवायला घरी जायच्या, तेव्हा किसनभाऊ एकटे असायचे. मी डबा रांगेत ठेवला आणि साळसूदपणे बाकावर जाऊन बसले. किसनभाऊंनी वरचा गहू पाहिला, डबा चक्कीत उपडा केला. चक्कीच्या आवाजात आणि पिठाच्या धुरळ्यात त्यांना काही कळलं नाही. माझ्यामागे पाच डबे होते. पाचही पुरणपोळीच्या गव्हाचे, आणि ताई परत येईपर्यंत पाचही दळून घरोघरी गेले.

शैलाताई जेवून आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. नाक फुगवलं.

"मेथी कुनाची?"

किसनभाऊ म्हणाले, "वहिनी, मेथी न्हाय, गहूच..." आणि थांबले. हिराबाईंनी विणता विणता माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून वाघाच्या मिश्या रंगवत होते. मिश्या गालभर पसरल्या. शैलाताई माझ्यापर्यंत आल्या, डब्यातलं पीठ बोटाने जिभेला लावलं. बटण दाबून चक्की बंद केली. होळीच्या तोंडावर, रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "उद्या सकाळी या. दगड बिगाडलाय."

मग त्यांनी स्वतःच्या घरचा गहू आणला. दुसऱ्या चक्कीचे दगड धुऊन पुसून त्यावर तो दळला, पाच पिशव्या भरल्या, तीन माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "चल." आम्ही पाच घरं फिरलो. गावातली दोन, टॉवरमधली तीन. प्रत्येक दारात त्या तेच म्हणायच्या, आणि अर्थातच आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "माझ्या गिरनीत चूक झाली. तुमचं पीठ कडू हाय. ते टाका, ह्ये घ्या." एका घरात पोळी लाटायला घेतलीच होती. त्या घरच्या काकू जाम बोलल्या. म्हणाल्या, "वीस वर्षं तुझ्याकडे दळण टाकतोय, ही वेळ आणलीस?" शैलाताई मान खाली घालून उभ्या. मला राहवेना. मी म्हटलं, "काकू, अहो त्यांची नाही, माझी..." तेवढ्यात शैलाताईंनी माझ्या पायावर पाय दिला. साधा नाही दिला, चांगला दाबून दिला.

परत येताना मी रस्त्यातच रडायला लागले. "तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुजं नाव घेतलं असतं तर उद्या समद्या म्हनल्या असत्या, त्या बाकावरच्या बायांना काढा. हिराबाईनं काय केलंय? तुज्या पाठी अजून कोन येनार आसंल, त्यानं काय केलंय? गिरनीचं नाव म्होटं हाय. त्याला एक डाग खपतोय. बाकाचं नाव अजून ल्हान हाय."

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली, कलेला आधार कसा द्यावा, कारागिरांनी कसं जगावं यावर. त्या वक्त्यांनी दोन-दोन तास बोलून मला समजावलं नसतं ते त्या बाईने रस्त्याच्या कडेला, हातात रिकाम्या पिशव्या घेऊन समजावलं. पण सुटका तेवढ्यावर नव्हती. गिरणीत आल्यावर त्यांनी किसनभाऊंकडून दगड उतरवून घेतला आणि छिन्नी-हातोडी माझ्या हातात दिली. "ठोक." मी ठोकत बसले. किसनभाऊ शेजारी बसून फक्त बोटाने दाखवत होते, इथे, आता इथे. संध्याकाळी हातांना फोड आले. चार दिवस ब्रश धरता आला नाही. तीस मुखवट्यांतले अकरा उशिरा गेले आणि क्लासवाल्या बाईंची बोलणी खावी लागली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी मी बाकावर जावं की नाही या विचारात घरी बसले होते, तर किसनभाऊ दारात. त्यांचं त्या दिवसाचं पहिलं वाक्य: "वहिनी म्हनती, फरसाण का आलं न्हाय."

अशी चार वर्षं गेली. माझा हात बसला, नाव झालं. गौरींचे जुने मुखवटे रंगवायला लोक पेठांमधून धायरीपर्यंत यायला लागले. शनिवार पेठेतल्या एका घरची गौर तर सलग तीन वर्षं माझ्याकडे आली. नवऱ्याने मुदत वाढवायचं बोलणं सोडून दिलं. मी निवांत झाले होते. रोज नऊला बाकावर, माझी उशी, माझी पाण्याची बाटली, माझं टोक.

आणि एका सोमवारी माझ्या टोकावर दुसरीच मुलगी बसलेली. सई तिचं नाव. आयटीतली, शनिवार-रविवारी घरी वह्या बांधायची, आणि त्या महिन्यात तिची नोकरी गेली होती. मांडीवर दोरा, सुई, कापडी पुठ्ठे. मला बघून बिचारी उठायला लागली. शैलाताई चक्कीवरून ओरडल्या, "बस गं तू." मग मला म्हणाल्या, "तुजं झालं हितलं. तू जा."

"जा म्हणजे? कुठे जा?"

"मला काय ठावं? तुला आता बाक लागत न्हाय. तुला बाकाची सवय लागलीया."

मी काय काय बोलले ते आता आठवून कानशिलं गरम होतात. रांगेतल्या बायकांसमोर बोलले. गरज होती तेव्हा ठेवलंत, आता नवीन मिळाली तर मला काढून राहिले, असं म्हणाले. त्यावर त्यांनी 'काय करून ऱ्हायले' असं चिडवलंसुद्धा नाही. मला खरी भीती कशाची होती, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, लोक माझ्या कामाला येत नाहीत, गिरणीला येतात. बाकावरून उठले की उभी राहूच शकणार नाही. पुन्हा कानाला हेडफोन.

दोन महिने मी दुसऱ्या गिरणीतून दळण आणलं. जाडंभरडं पीठ, पोळ्या फाटायच्या, आणि नवरा काही न बोलता खायचा. शेवटी फाट्याजवळ एक छोटा गाळा भाड्याने घेतला. तिथे गौरींची कामं आली. आधी चार, मग तीसेक. ओळखीची आली, अनोळखी आली. गिरणीचं नावही ज्यांना माहीत नव्हतं असे लोक आले. मला वाटलं, यामागे ताईंचाच हात असणार, त्यांनीच लोकांना सांगितलं असणार. डोळ्यांत पाणी आणून मी गिरणीत गेले आणि विचारलं.

"मी? मी कुनाला काय बी सांगितलं न्हाय," त्या म्हणाल्या. "तुज्याशी तर भांडान हुतं ना माजं?"

खरंच नव्हतं सांगितलं. मी पुढे चार जणांना विचारून खात्री केली. माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कुणी टाकलेला नाही.

गेल्या थंडीत साताऱ्याहून त्यांच्या लेकीचा फोन आला. शैलाताई गेल्या. छातीत पीठ बसलं होतं, डॉक्टरांनी गिरणीत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे वर्षभरापूर्वीच त्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. गिरणी आता किसनभाऊ चालवतात. बाकावर हिराबाईंच्या शेजारी हल्ली दोन नवी माणसं असतात, सईचंही स्वतःचं दुकान झालंय.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साताऱ्याला जायच्या दिवशी. गुरुवार होता. मी गाळ्यात एकटीच एका गौरीचे डोळे रंगवत होते. बाहेर गाडी थांबली आणि शैलाताई उतरल्या. इरकल नेसलेल्या, हातात पर्स. मी उठले तर म्हणाल्या, "बस, बस. तुजं चालू दे." आणि समोरच्या स्टुलावर टेकल्या. थोडं खोकल्या. "चालले साताऱ्याला. जावईबापू आल्यात न्यायला."

"किती दिवस?"

"आता तिकडंच."

मी ब्रश उचलला. त्या पुढे झुकून बघत राहिल्या. पापणीची रेघ ओढली, तशा त्या म्हणाल्या, "आसं करतीस व्हय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चार वर्षं मी त्यांच्या गिरणीत बसले, पण त्यांचं तोंड चक्कीकडे आणि पाठ बाकाकडे. त्यांनी माझं काम होताना कधी पाहिलंच नव्हतं. हिराबाईंचंही नाही, सईचंही नाही. मी विचारलं, "ताई, मग बाकावर कुणाला टिकू द्यायचं ते तुम्ही ठरवायचात कसं?"

"त्यात काय? बाया डबा ठिवला की जीव खात्यात. आटपा ओ, कुकर लावलाय, पोराची बस यायची हाय. तू बसल्यावर पंधरा दिसांत आटपा म्हनायच्या बंद झाल्या. दळान झालं तरी हलंनात. मी म्हनलं, पाठीमागं ही बया कायतरी बरं करत आसनार."

मी गौरीचा एक डोळा पुरा केला. बुबुळात पांढरा ठिपका दिला आणि चेहरा जागा झाला. शैलाताईंनी तोंडाला पदर लावला. एवढ्यात जावई दारात आले. सज्जन माणूस, हातात गाडीची किल्ली, अदबीने उभे. "आई, निघूया? घाटात गर्दी होईल."

धायरीतली, जुन्या वळणाची बाई. जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. तिने मान वळवली नाही.

"थांबा जावईबापू," त्या म्हणाल्या. "अजून एक डोळा ऱ्हायलाय."

तो डोळा मी जितका सावकाश रंगवता येईल तितका सावकाश रंगवला.